लॅटिन : परीक्षेचा विषय आणि संशोधनाचें साधन

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास मोडी पाहिजे, फारसी पाहिजे, पोर्तुगीज आली तर उत्तम, याबद्दल कोणाचा वाद नाहीं. लॅटिनचें नांव मात्र या यादींत सहसा येत नाहीं. ती पाद्र्यांची भाषा, किंवा विलायतेंतील मुलांस शाळेंत छळणारी भाषा, एवढीच तिची ओळख आमच्याकडे आहे. वस्तुतः ती आमच्या देशांतहि प्रवेशपरीक्षेचा विषय होती. त्या परीक्षेच्या वळणाचा ठसा आमच्या संस्कृत शिकण्याच्या रीतीवर उमटला. आणि आमच्या पोथ्या, नाणीं, औषधी व प्राचीन व्यापार यांसंबंधींचा पुष्कळ मजकूर त्या भाषेंत पडून आहे. या तीन गोष्टी एकत्र मांडून त्यांतून संग्राहकानें व संशोधकानें काय घ्यावें तें सांगणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) मॅट्रिकच्या परीक्षेंतील लॅटिन

मुंबई युनिव्हर्सिटीची स्थापना १८५७ सालच्या जुलै महिन्यांत झाली, आणि तिची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या उत्तीर्ण मंडळींपैकीं होत. युनिव्हर्सिटीची घडण लंडन युनिव्हर्सिटीच्या नमुन्यावर केलेली होती. तेथील परीक्षांत लॅटिनला जें मानाचें पान होतें, तें येथेंहि निदान कागदावर मांडलें गेलें. इंग्रजीच्या जोडीला दुसरी एक भाषा घ्यावयाची, आणि त्या दुसऱ्या भाषांच्या यादींत संस्कृत, अरबी यांच्याबरोबर ग्रीक व लॅटिन याहि असत. आरंभीं मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषांसहि जागा होती. पुढें थोड्याच वर्षांत, सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या अमदानींत, वरच्या परीक्षांतून देशी भाषा निघाल्या व अभिजात भाषा आवश्यक झाली. या फेरबदलामागील विचार सरळ होता : इंग्लंडांतील विद्वान जसा लॅटिन-ग्रीकवर पोसला गेला, तसा हिंदी विद्वान संस्कृत-अरबीवर पोसला जावा. मराठीला युनिव्हर्सिटींत पुन्हा जागा मिळावी म्हणून रानड्यांना पुढें आयुष्याच्या अखेरीपर्यंत झटावें लागलें, तें या धोरणामुळेंच.

लॅटिनची परीक्षा म्हणजे काय असे, हें आजच्या वाचकास सांगणें अवश्य आहे. इंग्लंडांतून आलेल्या परिपाठाप्रमाणें तिचीं अंगें सामान्यतः चार : नेमलेल्या ग्रंथाचें इंग्रजींत भाषांतर, पूर्वीं न पाहिलेल्या उताऱ्याचें भाषांतर, व्याकरणाचे प्रश्न, आणि इंग्रजी वाक्यांचें लॅटिनमध्यें रूपांतर. सीझरचें गद्य किंवा व्हर्जिलचें पद्य हे नेमणुकीचे नेहमींचे ग्रंथ. बोलण्याचा येथें संबंध नाहीं, आणि ऐकण्याचाहि नाहीं. कागदावरचें वाक्य उलगडावयाचें आणि कागदावरच तें पुन्हा गुंडाळावयाचें, एवढेंच काम.

मुंबई इलाख्यांतील सर्वसाधारण हायस्कुलांत हा विषय रुजला नाहीं. तो मुख्यत्वें युरोपियन मुलांसाठीं निघालेल्या व ख्रिस्ती धर्मसंस्थांनीं चालविलेल्या शाळांत राहिला. आमच्या लोकांपैकीं बहुतेक संस्कृताकडे किंवा फारसीकडे वळले. मराठवाड्याची वाट तर निराळीच होती. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें, आणि शिकणाऱ्याचें तोंड मुंबईपेक्षां हैदराबादकडे असे. गोमंतकांत मात्र लॅटिनची परंपरा जुनी व अखंड होती. गोव्यांतील सेंट पॉल कॉलेज सोळाव्या शतकाच्या मध्यास चालूं झालें. रायतूर येथील सेमिनरी १६१० पासून तेथें आहे. आणि १८५४ सालीं पणजीस स्थापन झालेल्या लिसेवांत लॅटिन हा शिक्षणाचा विषय होता. कोंकणीचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु हे याच परंपरेंत वाढले. आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मागोवा त्यांनीं घेतला, त्यामागें लॅटिनची बैठक होती.

परीक्षेचा विषय हा एक दरवाजा असतो. तो कोणास अडवितो व कोणास आंत घेतो, हें पाहण्यासारखें आहे. मोहनदास गांधी बॅरिस्टरीसाठीं विलायतेस गेले असतां त्यांनीं लंडनची मॅट्रिक परीक्षा द्यावयाचें ठरविलें. तेथें लॅटिन आवश्यक होती. पहिल्या खेपेस ते लॅटिनमध्यें नापास झाले, व १८९० सालीं पुन्हा बसून उत्तीर्ण झाले. पुढें रोमन कायदा त्यांनीं मूळ लॅटिनमधून वाचला, आणि दक्षिण आफ्रिकेंतील रोमन-डच कायद्याशीं गांठ पडली तेव्हां त्या श्रमाचें चीज झालें, असें त्यांनींच आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. उलट बाजूनें पाहूं गेल्यास, भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत असतां त्यांस संस्कृत घ्यावयाचें होतें. अस्पृश्यास संस्कृत शिकविण्यास शिक्षकानें नकार दिला. त्यांस फारसी घ्यावी लागली, आणि फारसी घेऊन ते १९०७ सालीं मॅट्रिक झाले. संस्कृत त्यांनीं पुढें स्वतःच्या परिश्रमानें मिळविलें. लॅटिनचा दरवाजा गांधींस कठीण गेला, पण तो उघडा होता. संस्कृताचा दरवाजा आंबेडकरांस बंद होता. अभिजात भाषेच्या परीक्षेचा इतिहास लिहिणारानें हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवले पाहिजेत.

(२) लॅटिनची रीत संस्कृताच्या अंगीं

लॅटिन आमच्या शाळांत रुजली नाहीं, पण तिची शिकविण्याची रीत मात्र रुजली. जुन्या पाठशाळेंत विद्यार्थी आधीं रूपावली, समासचक्र व अमरकोश तोंडपाठ करी, मग रघुवंशादि काव्यें गुरुमुखानें लावून घेई, आणि त्यापुढें कौमुदीकडे वळे. अर्थ मागाहून येई, पाठ आधीं. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला हा क्रम सोयीचा नव्हता. मुलगा इंग्रजी शाळेंत, वेळ आठवड्यांतील कांहीं तासांचा, आणि कागदावर भाषांतर लिहून गुण मिळवावयाचे. ही अडचण भांडारकरांनीं आपल्या दोन पुस्तकांनीं दूर केली. ‘मार्गोपदेशिका’ व ‘मन्दिरान्तःप्रवेशिका’ या नांवांनीं तीं प्रसिद्ध आहेत, आणि १८६० नंतरच्या दशकांत तीं निघालीं. पाठाच्या आरंभीं नियम, मग संस्कृत वाक्यें इंग्रजींत करण्यासाठीं, मग इंग्रजी वाक्यें संस्कृतांत करण्यासाठीं, आणि शेवटीं शब्दांची यादी, ही त्यांची घडण आहे. युरोपांतील लॅटिनच्या बालबोध पुस्तकांची घडणहि हीच. पाणिनीचें शास्त्र तेंच, पण तें ज्या सांच्यांत ओतलें तो सांचा पश्चिमेकडचा.

या रीतीनें काय साधलें व काय गमावलें, याचा हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडला पाहिजे. साधलें तें असें कीं, ज्याच्या घरीं शास्त्राची परंपरा नाहीं असा मुलगाहि दोन-तीन वर्षांत स्वतःच्या बळावर वाक्य लावूं लागला. मॅट्रिकमध्यें संस्कृतांत पहिल्या येणारास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति ही पिढ्यान्‌पिढ्या चढाओढीची गोष्ट झाली. चिंतामणराव देशमुखांनीं ती १९१२ सालीं मिळविली. गमावलें तें पाठांतर, आणि पाठांतराबरोबर कानाचें ज्ञान. पोथी वाचणारास लेखकाची चूक कानानें कळते. ‘येथें एक मात्रा कमी आहे’ हें जुना शास्त्री न मोजतां सांगे. परीक्षेंतून आलेल्या पदवीधरास तें मोजावें लागतें. आज हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणारांस ही उणीव जाणवत असेल, तर तिचें मूळ या सांच्यांत आहे.

(३) आमच्यासंबंधीं लॅटिनमध्यें काय आहे

प्रथम पोथ्यांच्या याद्या घेऊं, कारण संग्राहकांचा निकटचा संबंध त्यांच्याशीं आहे. थिओडोर आउफ्रेख्त यांनीं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील संस्कृत हस्तलिखितांची जी सूची तयार केली, ती १८६४ सालीं पूर्ण झाली, आणि तिच्यांतील वर्णन सगळें लॅटिनमध्यें आहे. कोपनहेगनच्या राजग्रंथालयाची वेस्टरगार्ड यांनीं केलेली १८४६ सालची सूचीहि लॅटिनमध्येंच आहे. आउफ्रेख्त यांचा सर्वांच्या हातांतला ‘कातालोगुस कातालोगोरुम’ (१८९१, १८९६, १९०३) नांवानें लॅटिन असला तरी आंतून इंग्रजी आहे. त्यावरून त्यांच्या जुन्या सूचीहि इंग्रजींत असतील असा समज होऊं नये. समजा, आमच्याकडील एकाद्या संग्राहकानें आपल्या पोथीचा शेवट ऑक्सफर्डच्या पोथीशीं ताडून पाहिला. सूचींतील संस्कृत उतारे त्यास वाचतां आले, पण ‘येथून पुढचीं पत्रें नाहींत’ हें लॅटिन वाक्य कळलें नाहीं. मग तो त्रुटित प्रतीस निराळी वाचना समजेल, व एक नसलेला पाठभेद जन्मास येईल.

दुसरा वर्ग छापील आवृत्त्यांचा. युरोपांत संस्कृत ग्रंथ प्रथम छापले गेले तेव्हां विद्वानांची समाईक भाषा लॅटिन होती. बोप यांचें नलोपाख्यान (१८१९), श्लेगेल यांची भगवद्गीता (१८२३), स्टेन्झलर यांचें रघुवंश (१८३२), रोझेन यांचें ऋग्वेदाचें पहिलें अष्टक (१८३८) हीं सर्व लॅटिन भाषांतरासह निघालीं. त्यांहून आधींचें उदाहरण उपनिषदांचें. दारा शुकोह यानें १६५७ सालीं करविलेल्या फारसी भाषांतरावरून आंकेतील द्युपेराँ यानें तीं लॅटिनमध्यें आणलीं (१८०१–०२), आणि शोपेनहौरनें तीं वाचलीं तीं त्याच रूपांत. काशींतील पंडितांची विद्या फारसींतून लॅटिनमध्यें व तेथून जर्मन तत्त्वज्ञानांत गेली, तिचा मधला दुवा पारखावयाचा तर लॅटिनच पाहिजे.

तिसरा वर्ग कोंकण-गोमंतकाचा. गार्सिया द ऑर्ता याचे औषधींवरील संवाद गोव्यास १५६३ सालीं पोर्तुगीजमध्यें छापले गेले. पण युरोपांत ते पसरले ते क्लूसियस यानें १५६७ सालीं केलेल्या लॅटिन संक्षेपावरून. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें, हें सर्वश्रुत आहे. त्यांनींच १५८३ सालीं आपल्या भावास लॅटिनमध्यें पत्र लिहून, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे असें कळविलें होतें. सर विल्यम जोन्स यांच्या १७८६ सालच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशें वर्षें आधींची ही नोंद आहे. ‘होर्तुस मालाबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें लॅटिनमध्यें निघाला. त्याच्या पहिल्या खंडांत रंग भट, विनायक पंडित व अपु भट या तिघां कोंकणी वैद्यांचें १६७५ सालचें प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत कोरून छापलेलें आहे. आमच्या लिपीचा इतका जुना छापील नमुना ज्या ग्रंथांत आहे, तो ग्रंथ तीन शतकें लॅटिनच्या कुलुपांत राहिला. केरळांतील वनस्पतिशास्त्रज्ञ का. सु. मणिलाल यांनीं कित्येक दशकें खपून त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि २००३ सालापासून तें प्रसिद्ध होऊं लागलें.

चौथा वर्ग प्राचीन काळाचा. परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत येलदरी हें गांव आहे. पूर्णा नदीवरील धरणामुळें तें सर्वांस ठाऊक आहे. या येलदरीच्या संशोधकास लॅटिनशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. याच पूर्णेच्या वरच्या खोऱ्यांत भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आहे. तेथें १९७३ सालच्या उत्खननांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो भाग मिळाला, त्याचें इटलींतील पॉम्पेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं विलक्षण साम्य आहे. पॉम्पेई इ. स. ७९ सालीं व्हेसुव्हियसच्या स्फोटांत गाडलें गेलें. त्याच स्फोटांत थोरला प्लिनी हा ग्रंथकार मरण पावला. आणि त्याच प्लिनीच्या लॅटिन ग्रंथांत आंध्रांची नोंद आहे : तटबंदीचीं तीस नगरें, एक लक्ष पायदळ, दोन हजार घोडदळ व एक हजार हत्ती. हिंदुस्थान दरसाल पांच कोटि सेस्टर्स एवढें रोमन द्रव्य ओढून नेतो, ही तक्रारहि त्याचीच. मात्र आंध्रांची नोंद त्यानें मेगॅस्थेनीससारख्या आपल्याहून तीन-साडेतीनशें वर्षें जुन्या लेखकावरून घेतली असावी, असें बहुतेक विद्वान मानतात. म्हणून ते आंकडे सातवाहनांच्या भरभराटीच्या काळास सरसकट लावणें धोक्याचें आहे. प्लिनी कोणाचा आधार कोठें घेतो व कोठें आपलें सांगतो, हें मूळ वाक्यांच्या ठेवणीवरून पारखावें लागतें. दुसऱ्याच्या पुस्तकांतून उचललेल्या आंकड्यावरून तें कळत नाहीं.

(४) किती शिकावी व कशी

लॅटिनची गरज मोडी-फारसीइतकी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. गोव्याच्या दप्तरांतहि मुख्य भाषा पोर्तुगीजच आहे. पण संस्कृत जाणणारास लॅटिनची अर्धी वाट चाललेली असते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पातेर–पितृ, मातेर–मातृ, फ्रातेर–भ्रातृ, सेप्तेम–सप्त, नोवेम–नव, इग्निस–अग्नि, युगुम–युगम्, एस्त–अस्ति, सुन्त–सन्ति, हीं जोडपीं पाहतांच नातें ओळखूं येतें. विभक्ति सहा, द्विवचन नाहीं, करण, अपादान व बहुतांशीं अधिकरण या तिहींचें काम एकच विभक्ति करते. क्रियापद बहुधा मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें. शब्दहि अगदींच परके नाहींत. पोर्तुगीजांच्या मार्फत आमच्या घरांत आलेले पाव, मेज, चावी, साबण, कोबी, तुरुंग हे शब्द मुळांत लॅटिनच्या पानिस, मेन्सा, क्लाविस, सापो, काउलिस व त्रुन्कुस यांचे वंशज आहेत.

उदाहरणासाठीं कोणत्याहि नाणेसंग्रहांत असणारें कंपनी सरकारचें मुंबईचें जुनें नाणें घेऊं. त्यावर ‘आउस्पिकिओ रेगिस एत सेनातुस आंग्लिआइ’ अशी अक्षरें असतात, कधीं पूर्ण तर कधीं संक्षिप्त. आउस्पिकिओ ही आपली तृतीया : आश्रयानें. रेगिस ही रेक्स या शब्दाची षष्ठी, जशी राजन् याची राज्ञः. एत म्हणजे आणि. सेनातुस व आंग्लिआइ याहि षष्ठ्याच. अर्थ झाला : इंग्लंडचा राजा व पार्लमेंट यांच्या आश्रयानें. ज्यानें मार्गोपदेशिकेचे पाठ केले आहेत, त्यास यांत रूपाखेरीज नवें कांहीं नाहीं.

सूची वाचण्यापुरते शब्द तर दोन-चार दिवसांत येतात. कोडेक्स म्हणजे ग्रंथरूप हस्तलिखित. फोलिउम म्हणजे पत्र, त्याची पुढली बाजू रेक्तो व मागली वेर्सो. इन्किपित म्हणजे ‘येथें आरंभ होतो’ व एक्स्प्लिकित म्हणजे ‘येथें संपतें’. आपल्या पोथ्यांतील ‘श्रीगणेशाय नमः’ व ‘इति समाप्तम्’ यांच्या जागीं ते येतात. देएस्त म्हणजे एक गोष्ट नाहीं, देसुन्त म्हणजे अनेक नाहींत. त्रुटित पोथीच्या वर्णनांत हे दोन शब्द आधीं शोधावे. मानु रेकेन्तिओरे म्हणजे ‘मागाहूनच्या हातानें’, अर्थात् मूळ लेखकाचें नव्हे. जुन्या छापील पुस्तकांत उ व व्ह यांस एकच अक्षर असतें, आणि स्वरावर आडवी रेघ असली तर पुढें म किंवा न गाळलेला असतो. आपल्या अनुस्वाराचाच तो भाऊ. उच्चाराचे पंथ दोन आहेत. रोमन वक्त्याचें नांव जुन्या रोमन रीतीनें किकेरो व चर्चच्या रीतीनें चिचेरो असें होतें. इंग्रजांनीं त्याचा सिसेरो केला. वाचणारास कोणताहि एक पंथ पुरे. आम्हीं येथें जुनी रोमन रीत धरली आहे.

परीक्षेच्या जुन्या चार अंगांपैकीं संशोधकास पहिलीं तीन हवीं. इंग्रजीचें लॅटिन करण्याचें चौथें त्यास नको. पद्यापेक्षां गद्य, आणि गद्यांतहि प्लिनी, प्रवासवर्णनें, पत्रें व सूची हीं घ्यावीं. येझुइटांचीं हिंदुस्थानांतील पत्रें योसेफ विकी यांनीं ‘दोकुमेन्ता इंडिका’ या मालेच्या अठरा खंडांत (१९४८–८८) संपादित केलीं आहेत; त्यांत पोर्तुगीज, स्पॅनिश व इटालियन यांबरोबर लॅटिन पत्रेंहि आहेत. सरावाला याहून उपयुक्त पुस्तक मिळणें कठीण.

(५) संग्राहकांस विनंति

लॅटिन जाणणारांची संख्या आमच्याकडे झपाट्यानें घटली आहे, आणि तिचें कारणहि ठरलेल्या तारखेचें आहे. १९६३ सालच्या डिसेंबरांत व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें उपासनेंत देशी भाषांस वाट करून दिली. त्यायोगें सामान्य भाविकास आपली प्रार्थना आपल्या भाषेंत समजूं लागली, ही इष्ट गोष्ट झाली. पण गांवोगांवीं लॅटिन वाचूं शकणारा एक तरी मनुष्य असे, तो आतां नाहीं. परीक्षेची लॅटिन त्याआधींच मागें पडली होती. उपासनेची लॅटिनहि गेली. साधनें मात्र जेथल्या तेथें आहेत.

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी आहे. आपल्या संग्रहांत जुन्या शाळेचें लॅटिनचें पुस्तक असेल तर तें रद्दींत घालूं नये. त्याच्या कडेला एकाद्या मुलानें शाईनें मराठी अर्थ लिहिले असतील, तर हा विषय कोणी व कसा शिकला याचा तोच पुरावा होय. वसईच्या किल्ल्यांतील, गोव्याच्या व मुंबईच्या चर्चांतील थडग्यांवरचे लॅटिन लेख झिजण्यापूर्वीं त्यांचे ठसे घ्यावे; अर्थ लागला नाहीं तरी अक्षरें जशींच्या तशीं उतरून ठेवावीं. आणि संस्कृत घेऊन पदवी मिळविलेल्या तरुणांपैकीं प्रत्येक जिल्ह्यांत एकानें जरी, गुणांची आशा न धरतां, दोन वर्षें या भाषेस दिलीं, तरी ऑक्सफर्ड व कोपनहेगन येथील आमच्या पोथ्यांचीं वर्णनें आम्हांस परक्याच्या तोंडून ऐकावीं लागणार नाहींत. मॅट्रिकच्या यादींत लॅटिन होती तेव्हां आम्हांस तिचा उपयोग ठाऊक नव्हता. उपयोग कळला आहे, आणि यादी उरली नाहीं. अशा वेळीं शिकणारानें स्वतःच परीक्षक व्हावें, आणि समोरच्या कागदाचा अर्थ बरोबर लागला म्हणजे उत्तीर्ण झालों असें समजावें.